मदत हवी आहे: वेस्टर्न रोमान्सवरून वाचनगटात दोन तट

कादंबरी १८६८ च्या अमेरिकेतल्या नेब्रास्कातली, जाहिरात वाचून लग्नाला आलेल्या नवरीची. निम्मे वाचक हळूहळू फुलणाऱ्या प्रेमावर फिदा, बाकीचे तपशिलांवर तुटून पडलेत. आणि त्यांचं खरंच आहे! पानोपानी काटेरी तारेची कुंपणं. ती सर्रास झाली अशी तार बनवणाऱ्या जोसेफ ग्लिडनच्या १८७४ च्या पेटंटनंतर. सरकारी जमीन वस्तीसाठी देणाऱ्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत, पण पाच वर्षं राहून कसल्यावर. इथे दीड वर्षात मालकीचा कागद हातात. (सहा महिन्यांनी एकरी सव्वा डॉलर भरून जमीन लवकर घेता येई, पण या जोडप्याकडे दमडी नाही.) तिथल्या लूप नदीकाठच्या पॉनी (Pawnee) या मूळनिवासी जमातीचा तर उल्लेखच नाही, मला हे जास्त खटकतं.

चर्चेत आधी काय घ्यावं, प्रेमकथा की इतिहास? दोन्ही बाजू बोलत्या होतील असे दोन-तीन प्रश्न सुचवाल का?