घोडी, शिंगरू, गाई आणि शेळ्या: एकाच कुंपणात भागेल का?

मोकळं_कुरण

नमस्कार मंडळी. एक एकराचा चौरस तुकडा आहे, बाजू साधारण २१० फूट. आत एक घोडी, तिचं सहा महिन्यांचं शिंगरू, तीन गाई आणि डझनभर शेळ्या. सध्या सिमेंटचे पोल आहेत, १५-१५ फुटांवर, आणि तीन पदरी काटेरी तार. शेळ्यांना ती असून नसल्यासारखी.

१) काटेरी तार काढायचीच का, की वरून काही जोडून भागेल?
२) चेनलिंक जाळी त्यातल्या त्यात स्वस्त पडते, ती चालेल का?
३) झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र, लावायचं तर तार किती आणि मशीन केवढं?

सगळं एकदम बदलायला पैसे नाहीत. आधी कुठे खर्च करावा तेही सांगा.

खूर_आणि_तार

पहिल्याचं उत्तर सरळ: काढा. गाईला काटेरी तार चालून जाते, कारण कातडी जाड आणि अडकली तरी बहुधा उभी राहते. घोडा तसा नाही. घाबरला की आधी पळतो, मग बघतो. आणि पळताना बारीक तार त्याला दिसतच नाही. पाय अडकला की जीव खाऊन मागे ओढतो, तार करवतीसारखी चालते. घोड्याच्या पुढच्या गुडघ्याखाली आणि मागच्या ढोपराखाली मांस नसतं. कातडी, कंडरा, हाड, एवढंच. तिथली जखम फाजील मांस चढून महिनोन्महिने रेंगाळते. त्यात धनुर्वाताला सगळ्यांत लवकर बळी पडणाऱ्या जनावरांत घोडा येतो. लस दिलेली नसेल तर ती आधी द्या, कुंपण नंतर.

चेनलिंकबद्दल. शेळीला ठीक, घोड्याला नाही. कुणी रेलून उभं राहिलं की जाळीला पोट सुटतं आणि ते परत आत जात नाही. खाली कापलेल्या तारांची टोकं उघडी राहतात, ती नाकाला आणि पायाला लागतात. ३ इंची घरात शिंगराचा खूर शिरू शकतो. लावायचीच असेल तर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ताणलेल्या तारांत ओवून, टोकं आतल्या बाजूने पूर्ण वळवून.

जाळीचं घर केवढं, हाच खरा प्रश्न आहे. ६ इंच रुंद आणि ६ इंच उंच घराची स्वस्त विणलेली जाळी मिळते, ती शिंगाच्या शेळीसाठी सापळा आहे. डोकं आत जातं, शिंगं बाहेर येऊ देत नाहीत. उन्हात अडकून राहिली तर मरते. एकतर उभ्या तारा १२ इंचांवर असलेली घ्या म्हणजे डोकं परत निघतं, नाहीतर ४ इंचांपेक्षा लहान घराची घ्या म्हणजे जातच नाही. घोड्याला मात्र १२ इंची घर नको, त्यात खूर जातो. दोघांना चालेल अशी जाळी एकच, २ इंच रुंद आणि ४ इंच उंच घराची, गाठ मारून विणलेली. वेल्ड जाळी टाळा. जनावरं अंग घासतात आणि सांधे एकेक करून सुटतात.

ती जाळी महाग आहे, म्हणून ती एकरभर लावूच नका. शेळीला अडवायचं काम जमिनीलगत असतं, घोड्याला अडवायचं काम वर, छातीच्या उंचीला. दोन्ही कामं पूर्ण परिघाला करायला गेलात की पैसे बुडाले. एका कोपऱ्यात ६० बाय ६० फुटांचा शेळ्यांचा वाडा वेगळा काढा, रात्रीसाठी आणि आपलं लक्ष नसतानासाठी. त्याला २४० फूट म्हणजे ७३ मीटर जाळी लागेल. पूर्ण एकराला ८४० फूट, म्हणजे २५६ मीटर लागली असती.

ओळंबा

वरच्याला अनुमोदन. पोलांचं मी सांगतो, कारण कुंपण तारेने पडत नाही, कोपऱ्याने पडतं.

तुमचे १५ फुटांवरचे पोल ताणलेल्या साध्या तारेला पुरतात, जाळीला नाही. जाळीला जास्तीत जास्त १० फूट. कोपऱ्यातल्या वाड्याच्या दोन बाजू जुन्या कुंपणावर येतील, तिथे प्रत्येक दोन पोलांमध्ये एक नवा, म्हणजे ४ आणि ४ मिळून ८. उरलेल्या दोन बाजू नव्या, १० फुटांवर ११ पोल. एकूण १९, त्यातला एक जाड, कोपऱ्याचा. ५० मीटरची दोन बंडलं घ्यावी लागतील, उरलेल्या तुकड्यातून फाटक मढवा.

साधा पोल ८ फुटी घेतला तर पावणेतीन फूट जमिनीत, सव्वापाच फूट वर. कोपऱ्याचा ९ फुटी, साडेतीन फूट आत. खड्डा सगळा भरून मग वरून ठोकू नका. चार-सहा इंच माती किंवा मुरूम टाका, पहारेच्या बुडाने चारही बाजूंनी धुमसा, ओळंबा बघा, मग पुढचा थर. सैल भरलेला पोल पहिल्या पावसातच झुकतो.

आता टेकू. चारही कोपऱ्यांत आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना लागतोच. सिमेंटच्या पोलाला तिरका टेकू द्यायचा तर कुंपणाच्या रेषेतच द्या, प्रत्येक बाजूला एक, वरचं टोक पोलाच्या दोन तृतीयांश उंचीला आणि बूड जमिनीत पुरलेल्या चपट्या दगडावर. एकच टेकू आतून कोनाच्या मधोमध देतात तो देऊ नका. शेळ्यांसाठी ती शिडी होते! एक चढली की दुपारपर्यंत सगळ्या बाहेर.

लाकडी डांब असतील तर त्याहून चांगला प्रकार: कोपऱ्याच्या डांबापासून ८ ते १० फुटांवर दुसरा जाड डांब, दोघांच्या डोक्याजवळ आडवा दांडा, आणि तिरकी दुपदरी तार पिळून घट्ट केलेली. ही तिरकी तार कोपऱ्याच्या डांबाच्या बुडापासून दुसऱ्या डांबाच्या डोक्यापर्यंत जाते. उलटी बांधली तर काही उपयोग नाही. कुंपणाचा ताण कोपऱ्याचं डोकं आत ओढतो, आडवा दांडा तो रेटा दुसऱ्या डांबाच्या डोक्यावर ढकलतो, आणि तिरकी तार ते डोकं कोपऱ्याच्या बुडाला बांधून ठेवते. एकदा हे डोक्यात बसलं की उलटी बांधायची चूक होत नाही.

तार आणि जाळी नेहमी जनावरांच्या बाजूने. बाहेरून लावली की रेलणाऱ्या गाईचं सगळं वजन यू-खिळ्यांवर येतं आणि ते उपसतात. साध्या ताणाच्या तारेवर यू-खिळा पूर्ण ठोकू नये, तार सरकेल एवढी फट ठेवावी. नाहीतर झिंकचा थर चेपतो, तिथून गंज धरतो, आणि पुढे ताण द्यायची वेळ आली की तार जागची हलत नाही.

मोकळं_कुरण

वाड्याची कल्पना पटली. मग बाहेरच्या परिघाला फक्त साधी तार आणि झटका पुरेल का? जमीन मुरमाड आहे, उन्हाळ्यात अगदी कोरडी. झटका बसतो का अशा जमिनीत? आणि एक शंका: निघालेली काटेरी तारच मशीनला जोडली तर नवी तार वाचेल ना?

जूल_मास्तर

काटेरी तारेत करंट कधीही नाही. अडकलेलं जनावर किंवा माणूस सुटू शकत नाही आणि दर सेकंदाला झटका खात राहतं. झटका मशीनच्या आयईसी ६०३३५-२-७६ या आंतरराष्ट्रीय मानकातही याला मनाई आहे. आणि घरची लाईन थेट तारेला जोडायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडा, त्याने माणसं मरतात. मशीनचा झटका सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरता असतो आणि साधारण सेकंदाला एकदाच येतो. मधल्या वेळात जनावर मागे हटतं. सगळी सुरक्षितता त्या मधल्या वेळात आहे.

तुमच्या परिघाला चार पदर: जमिनीपासून १६, २८, ४० आणि ५४ इंच. खालचे तीन २.५ मिलिमीटरच्या ताणाच्या जीआय (झिंकचा थर दिलेल्या) तारेचे. एक किलोत ही तार साधारण २६ मीटर भरते. ३ पदर गुणिले २५६ म्हणजे ७६८ मीटर, सुमारे ३० किलो. थोडी जास्तच घ्या. सर्वांत वरचा पदर ४० मिलिमीटरची पांढरी करंटपट्टी, म्हणजे आत धातूचे बारीक धागे विणलेली पट्टी. तो घोड्यासाठी, दिसावा म्हणून. पट्टीला दोन पोलांच्या मध्ये एक पीळ द्या, वाऱ्यात फडफडत नाही. सपाट ठेवलेली पट्टी इन्सुलेटरमध्ये घासून आतले बारीक धागे तुटतात. पट्टी वरून धडधाकट दिसते आणि करंट मात्र पुढे जात नाही. सांधा गाठ मारून नाही, पट्टीच्या क्लिपनेच. वाऱ्याची जागा असेल तर ६ मिलिमीटरचा करंटदोर जास्त टिकतो, पण दिसतो कमी.

सिमेंटचा पोल ओला झाला की करंट जमिनीत सोडतो, म्हणून प्रत्येक पोलावर इन्सुलेटर हवाच.

कोरड्या मुरमाचा उपाय आहे. साध्या पद्धतीत करंट तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनच्या अर्थिंगकडे परत जातो. जमीन सुकली की परतीची वाट बंद. म्हणून एक आड एक तार अर्थिंगला जोडा: ५४ करंट, ४० अर्थ, २८ करंट, १६ अर्थ. दोन्हींच्या मध्ये नाक घातलं की झटका पूर्ण बसतो, जमीन कशीही असो. सर्वांत खालची तार अर्थची असल्यामुळे गवत लागलं तरी तिथे करंट वाया जात नाही.

मशीन: तारांच्या प्रत्येक दीड किलोमीटरला एक जूल बाहेर पडणारी ऊर्जा, असा ढोबळ हिशोब. तुम्हाला १ ते २ जूल भरपूर. खोक्यावरचा साठवलेल्या ऊर्जेचा आकडा मोठा असतो, तो बघून फसू नका.

अर्थिंगलाच लोक काटकसर करतात आणि मग मशीनला शिव्या देतात. ६ फुटी ३ जीआय गज, एकमेकांपासून १० फुटांवर, घराच्या विजेच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब. तपासायचं असं: मशीनपासून १०० मीटरवर दोन-चार लोखंडी गज करंटच्या तारेला टेकवून जमिनीत रोवा, तारेचा दाब २००० व्होल्टच्या खाली येईपर्यंत. मग अर्थिंगच्या शेवटच्या गजावर कुंपणाचे व्होल्ट मोजायचा मीटर लावा. ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कमी आहे, आणखी गज ठोका. तांब्याची वायर जीआयला जोडू नका, सांधा सडतो. फाटकाखालून नेताना झटका मशीनसाठीचीच दुहेरी आवरणाची केबल. घरगुती वायरचं आवरण हजारभर व्होल्टपुरतं असतं, इथे सात-आठ हजार असतात. ती जमिनीखाली फुटते आणि दोष सापडता सापडत नाही.

रोज सकाळी मशीनपासून सर्वांत लांबच्या टोकाला मीटर लावायचा. ४००० व्होल्ट दिसले की काम झालं. ३००० च्या खाली गेलं की गवत किंवा फुटलेला इन्सुलेटर शोधायला निघा.

खूर_आणि_तार

मास्तरांच्या उत्तरात एक भर. नव्या जनावराला थेट सोडू नका. भक्कम जागेत एक तुकडा करंटपट्टीचा लावून दोन-तीन दिवस हुंगू द्या. पहिला झटका नाकाला बसला की ते मागे सरकतं. धावताना छातीला बसला तर पुढेच जातं आणि तार घेऊन जातं.

ओळंबा

किरकोळ वाटतात पण महाग पडतात अशा गोष्टी:

अँगलचे पोल वापरलेत तर वरची टोकं प्लास्टिकच्या टोपीने झाका. घोडा वरून मान काढतो किंवा उडी मारतो, ते टोक पोटात जातं.

फाटकाच्या दोन बिजागऱ्यांपैकी वरची उलटी लावा, खिळा खाली तोंड करून. दोन्ही वर तोंड करून असल्या तर गाय शिंगाने फाटक उचलून सरळ काढते. फाटक आणि पोल यातली फट ३ इंचांपेक्षा कमी ठेवा.

चौकोनी कोपऱ्यात दांडगी गाय शिंगराला कोंडते. आतून दोन पोलांना तिरक्या दोन फळ्या मारून कोपरा बोथट करा.

फळ्या घोडा कुरतडतो म्हणून त्यांना जुनं इंजिन ऑईल फासतात. नको. गाई ते चाटतात आणि त्यातून शिसं पोटात जाऊ शकतं. जुन्या शिशाच्या रंगाचंही तेच. फळीच्या वरून एक करंटचा पदर घेतला की कुरतडणं थांबतं.

आणि कुंपणालगत कण्हेर लावू नका, कितीही छान दिसली तरी. घोडा, गाय, शेळी, तिघांनाही थोडी पानं पुरतात, वाळलेलीसुद्धा.

मोकळं_कुरण

म्हणजे क्रम असा धरतो: आधी धनुर्वाताची लस आणि काटेरी तार उतरवणं, मग वाडा, मग परीघ. मध्ये घोडीला कुठे ठेवू?

जूल_मास्तर

क्रम थोडा बदला. आधी मशीन, अर्थिंग आणि करंटपट्टी घ्या, हे सामान पुढे परिघालाही लागणारच आहे. काटेरी तारेपासून ६-७ फूट आत, हलक्या रोवायच्या खुंट्यांवर पट्टीचे दोन पदर घोडीभोवती फिरवा, ३० आणि ५४ इंचांवर. जमीन कोरडी असेल तर खालचा पदर अर्थचा. पट्टीच्या आत काटेरी तारेचं एकही टोक राहायला नको. हे कुंपण तात्पुरतं आहे, मशीन बंद पडलं की घोडीला ते कळतं, तेव्हा बॅटरी चार्ज आहे का ते रोज बघा.

काटेरी तार उतरवताना कोपऱ्याकडून कापू नका, ताणात असलेली तार चाबकासारखी उलटते. मधल्या पोलावर पकडीने धरून, दोन्हीकडचा ताण दोरीने बांधून मग कापा. जाड हातमोजे, चष्मा. शेवटी लोहचुंबक दांड्याला बांधून पोलांच्या बुडाशी फिरवा, तुटलेले तुकडे तिथेच पडतात आणि गाई ते चाऱ्याबरोबर गिळतात.