दातून ठीक, मिसरीचं काय?
दातांच्या गावठी उपायांची जी यादी इथे आलीय, त्यात बाभळीच्या दातूनबद्दल, म्हणजे दात घासायच्या काडीबद्दल, लिहिलंय ते पटलं. तापीकाठी बांधाबांधावर बाभळी आहेतच. सालीतल्या टॅनिनमुळे तोंड तुरट होतं, हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. काडी मात्र ताजी, करंगळीएवढी घ्या. वाळकी हिरड्या सोलते. दात घासून झाले की तीच उभी चिरून जीभ खरवडायची.

पण त्याच यादीत मिसरी 'गावठी औषध' म्हणून आलीय, ते नाही पटत. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरं काही नाही. आमच्या चोपड्याकडे कितीतरी बायका दाढ दुखते म्हणून सुरू करतात. ठणका जरा कमी वाटतो, पण निकोटिनची तलफ लागते आणि मग दुपारी, संध्याकाळी, झोपताना, डबी उघडतेच. टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. मिसरी तंबाखू म्हणूनच विकली जाते, म्हणून त्या बंदीतून सुटते.