झाड पडलं की पाडलं? (सोसायटी ग्रुप)

बी-302 : सेक्रेटरी साहेब, तुमच्या पत्रामुळे माझा गाडीचा क्लेम अडकलाय. विम्याचा सर्व्हेयर म्हणतो, झाड तोडायची परवानगी दाखवा. कसली परवानगी? गुलमोहर रविवारी रात्री वाऱ्याने पडला. सगळ्यांनी बाल्कनीतून बघितलंय.

ए-104 सेक्रेटरी : नमस्कार. पत्रात तेच आहे. ‘द ट्री वॉज फेल्ड ड्यू टू विंड.’ यात काय चुकलं?

सी-201 : फांद्या अजून आमच्या जिन्यासमोर आहेत. कोण उचलणार?

डी-403 : परवानगी लागतेच. झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा कायदा आहे. शहरात वृक्ष अधिकाऱ्याला न विचारता झाड पाडता येत नाही. मागे अशोकाच्या वेळी मी हेच सांगत होतो, तेव्हा मला काय काय ऐकवलं होतं ते आठवा.

ए-104 सेक्रेटरी : तो विषय एजीएममध्ये संपलाय. परत काढू नये ही विनंती 🙏

ए-402 : साहेब, राग मानू नका, जन्मभर इंग्रजी शिकवलंय म्हणून बोलते. फेल्ड म्हणजे पाडलं. पडलं नव्हे. फॉल-फेल-फॉलन हे आपलं पडणे. फेल-फेल्ड-फेल्ड हे पाडणे, कुऱ्हाड घालून. पहिल्याचा भूतकाळ तेच दुसऱ्याचं मूळ रूप, म्हणून गफलत होते. तुम्ही भूतकाळालाच परत ईडी लावलंत.

बी-105 : मागे ईडी लावली, मग चौकशी होणारच 😀

डी-403 : फेल म्हणजे नापास ना?

ए-402 : ते एफ-ए-आय-एल. हे एफ-ई-डबल एल.

बी-302 : इथे माझा बॉनेट चेपलाय आणि तुम्हाला विनोद सुचतायत.

बी-105 : सॉरी दादा.

ए-104 सेक्रेटरी : ऑफिस सांभाळून रात्री साडेअकराला पत्र टाइप केलं, तेही फुकट. घाई तुम्हालाच होती. ज्यांचं इंग्रजी चांगलं आहे त्यांनी कमिटीत यावं, स्वागत आहे.

सी-201 : फांद्या???

ए-402 : तुमच्या कष्टांबद्दल कुणाचं दुमत नाही. पण मराठीत तुम्ही पडलं आणि पाडलं यांत कधी चुकाल का? एका कान्याचा फरक. मरणे-मारणे तसंच. इंग्रजीतही जुन्या काळी आतला स्वर बदलून अशा जोड्या तयार झाल्या. फॉल-फेल, सिट-सेट, लाय-ले. एक आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं. ‘केलं’ असं लिहिलंत की सर्व्हेयर विचारणारच, कुणी केलं?

डी-403 : हेच मी म्हणतोय. परवानगी.

बी-302 : अहो, पण पाडलेलंच नाही!!

ए-402 : दुसरं वाक्यही बघा. ‘ब्रांच वॉज लेइंग ऑन द कार.’ लेइंग नको, लाइंग. लाय-ले-लेन म्हणजे पडून असणे. ले-लेड-लेड म्हणजे ठेवणे, अंथरणे, कोंबडीने अंडं घालणे. तिथे ‘काय ठेवलं’ याचं उत्तर लागतं. फांदीने गाडीवर काहीच ठेवलं नाही, ती नुसती पडून होती. खोटं बोलण्याचं लाय वेगळं, ते लाय-लाइड-लाइड.

सी-103 : काकू, दहावीच्या पोरांसाठी रविवारी एक तास घ्या ना. माझा मुलगा यातच मार्क घालवतो.

ए-402 : पाठव. वही आणायला सांग.

बी-105 : मग बोर्डावर ‘नोटीस हॅज बीन हँग्ड’ लिहिलंय, ते?

ए-402 : हँग्ड माणसाला फाशी दिली तर. कागदाला हंग.

ए-104 सेक्रेटरी : बोर्डावरची नोटीस माझी नाही, खजिनदारांची आहे. नोंद घ्यावी.

खजिनदार सी-302 : मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादीही त्याच बोर्डावर आहे. तीही वाचावी.

ए-402 : साहेब, पत्रात एवढंच लिहा. ‘द गुलमोहर फेल ऑन द पार्क्ड कार ड्युरिंग द स्टॉर्म ऑन संडे नाइट. अ लार्ज ब्रांच वॉज लाइंग ऑन द बॉनेट.’ वॉज फॉलनही नको.

ए-104 सेक्रेटरी : ठीक. संध्याकाळी लेटरहेडवर काढतो. बी-302 ने सात वाजता सही-शिक्क्याची प्रत न्यावी. काकू, आधी तुम्हाला दाखवतो.

बी-302 : धन्यवाद काकू. साहेब, तुम्हालाही. सकाळी जरा जास्त बोललो.

डी-403 : पडलं असेल तर माझी हरकत नाही. अशोक मात्र पाडलाच होता.

सी-201 : पडलं, मान्य. उचलणार कोण? आई काठी टेकत त्यातूनच वाट काढते.

ए-104 सेक्रेटरी : महापालिकेच्या उद्यान विभागात तक्रार केली आहे. तोवर वॉचमनला वाट मोकळी करायला सांगतो, आत्ता खाली जातोय.

सी-201 : मीपण येतो. कोयता आणतो.