नातवंडं मोठी झाली की आजी-आजोबांनी बाजूला व्हावं का?

रंकाळ्याची आज्जी: माझं मत, दहावी झाली की आजी-आजोबांनी पहारा सोडावा. शाळेचा डबा, रिक्षापर्यंत सोडणं, दुखण्याखुपण्यात जागणं हे सगळं हौसेनं केलं. आता नातू अकरावीला आहे. क्लासवरून परस्पर शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच बघायला जातो. सून म्हणते, "आई, कुठं होता, कुणाबरोबर होता, तुम्हीच विचारा." मी विचारत नाही. शिस्त आई-बापानं लावावी. चुकलं तरी न भिता येऊन बसता येईल असं एक माणूस पोराला घरात पाहिजे, आणि मी चौकशा सुरू केल्या तर तो माझ्याजवळ बसायचाच बंद होईल.

मंगळवारपेठकर: नाही पटलं, काकू. मुलगा शिरोली एमआयडीसीत पाळीवर, सून बँकेत. रात्री आठपर्यंत घरात मोठं माणूस मीच. सोळा वर्षांचा नातू रोज स्कूटरची किल्ली मागतो. स्कूटर माझ्या नावावर. २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला. अल्पवयीन पोरानं गाडी मारून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. बाजूला कसा होऊ?

रंकाळ्याची आज्जी: किल्ली देऊच नका, त्यात दुमत नाही. जिवाशी गाठ असेल तिथं मीही आडवी येईन. माझं म्हणणं रोजच्या उलटतपासणीबद्दल आहे.

कोल्हापूरची नात, सध्या पुण्यात: मी नातवंडांच्या बाजूनं लिहिते. आजोबांनी माझे मार्क कधी विचारले नाहीत. पण बाबा पुण्याला पाठवायला तयार नव्हते तेव्हा शब्द त्यांनीच टाकला. ते बाजूला राहिले असते तर मी आज इथं नसते. आता नोव्हेंबरात घरी गेले की त्यांचा पेन्शनचा हयातीचा दाखला मी मोबाईलवर चेहरा दाखवून काढून देते. कामं बदलली, पण मला ते अजून लागतात, पहिल्यापेक्षा जास्तच.

एक सून, राजारामपुरी: हे वाचून आनंद झाला, पण दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडं असा शब्द मुलांच्या देखत टाकला जातो. मी मोबाईल काढून घेते, सासरे तासाभरात परत देतात. ते मायेपोटी करतात, कळतं मला. पण पोरगी आता मला विचारायच्या आधी आबांकडं जाते. काय बोलायचं ते आम्हाला आत बोलावून बोला, आम्ही ऐकू.

मंगळवारपेठकर: मुलांच्या देखत नको, मान्य. उलटतपासणी मात्र मी सोडणार नाही, काकू. "थांब, आईला येऊ दे" एवढंच म्हणत राहिलो तर आठवड्याभरात पोरगं ओळखेल की आठपर्यंत घरात विचारणारं कुणी नाही. रागावला तर रागावू दे. जेवायला तर माझ्याच शेजारी बसतो.