बोलेरोला फक्त मागे रुंद टायर: मदत हवी आहे

राम राम मंडळी. यवतमाळकडची बोलेरो आहे, टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना. चारही चाकांना २१५/७५ आर १५ टायर (रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिमचा व्यास १५ इंच), रिमची रुंदी ६ इंच. पांदण रस्त्यावर मागचं चाक जागीच फिरतं, म्हणून फक्त मागे रुंद टायर टाकायचा विचार आहे.

२३५/७५ घेतला तर व्यास ७०३ वरून ७३३ मिमी होतो. म्हणजे काटा ८० वर असताना गाडी ८३ ने धावणार, पिकअपही मंदावणार. २३५/७० चा व्यास ७१०, तो बरा वाटतो. पण मागची पकड वाढून पुढची तेवढीच राहिली की वळणावर पुढचं तोंड बाहेर ओढतं. ओल्या डांबरावर ते किती जाणवतं? स्टेपनी एकच, तीही जुन्या मापाची, हा वेगळाच ताप.

ज्यांनी हे केलं त्यांनी सांगा: भरल्या गाडीत टायरची आतली बाजू स्प्रिंगच्या पाट्यांना घासते का? किती मिमी फट उरते? रिकाम्या गाडीत मागे हवा किती ठेवता? आणि आपल्या काळ्या चिकट मातीत रुंदीनं खरंच फरक पडतो, की त्याच मापाचा खोल नक्षीचा मड टायर बरा? चिखल नक्षीत भरला की रुंद टायरही गुळगुळीतच होतो, अशी शंका आहे.