विषय: मागच्या अंगणात मुलांसाठी खेळायची जागा – सल्ला हवा

प्रेषक: नवीन सभासद, ब्रिजवॉटर

नमस्कार मंडळी,

हिवाळ्यात आम्ही इथे न्यू जर्सीत घर घेतलं. मागे पाव एकरापेक्षा थोडं कमी अंगण आहे. एका कडेला झाडी, बाकी सगळं सपाट गवत. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. घसरगुंडी, झोके आणि वर छोटा मनोरा असलेला लाकडी सेट दुकानात बघून आलो. किंमत बरीच आहे, जोडून द्यायचे पैसे वेगळे. शेजारी तसाच सेट आहे, पण त्यावर मुलं फारशी दिसत नाहीत, म्हणून हात आखडला. दोघं धावतील, चढतील, उड्या मारतील असं काही कुणी स्वतः केलंय का? सासूबाई-सासरे मेमध्ये येताहेत. सासऱ्यांना हाताने काम करायची हौस आहे, त्यांनाही काम मिळेल.

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, एडिसन

नमस्कार,

सेट घेऊ नका. तेच पैसे जमिनीत घाला.

सेटवर मूल एकाच वाटेने चढतं आणि एकाच वाटेने उतरतं. ती वाट पाठ झाली की त्यातली गंमत संपते. उंचसखल जमीन, ओंडके आणि हलवता येणारं सामान यांचा खेळ रोज बदलतो. कोपनहेगनच्या एमड्रुप भागात १९४३ मध्ये पहिलं 'भंगाराचं मैदान' सुरू झालं, ते यातूनच. आखीव मैदानं सोडून मुलं बांधकामावर पडलेल्या फळ्या-विटांशी रमतात, हे कार्ल थिओडोर सोरेन्सन या उद्यान-रचनाकाराच्या लक्षात आलं होतं.

तुमच्या जागेत मी सगळ्यात आधी एक टेकडी करेन. तीन फूट उंच आणि तळाशी अठरा फूट रुंद, म्हणजे उतार मोकळा राहतो आणि गवत धरतं. त्याला साधारण दहा क्युबिक यार्ड माती लागते. माती बसते, म्हणून थोडी जास्तच मागवा, आणि थराथराने टाकून पायाने दाबत जा. लोळत खाली येणं, धावत वर जाणं, थंडीत बर्फावरून घसरणं, सगळं त्या एका ढिगावर होतं. फक्त मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती माती चढवू नका, मुळं गुदमरून झाड जातं.

मग ओंडके. झाडं तोडणाऱ्यांना विचारलंत तर खोडाच्या चकत्या बहुधा फुकट देतात, त्यांनाही त्या वाहून न्यायच्या नसतात. ओक किंवा लोकस्टच्या मागा. पाइन आणि पॉप्लर लवकर कुजतात. फूट-दीड फूट व्यासाचे तुकडे एक तृतीयांश जमिनीत पुरायचे, वर आठ ते सोळा इंच ठेवायचे. धाकटीसाठी फूटभर अंतराची एक रांग, थोरल्यासाठी लांब उडीची दुसरी. शेवटी एक लांब खोड आडवं, तेही अर्धवट पुरलेलं, तोल सांभाळत चालायला. दर वसंतात प्रत्येक ओंडक्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. सहज आत गेला तर तो ओंडका काढून टाका. शेवाळ तारेच्या ब्रशने घासा.

चढायची किंवा लोंबकळायची कुठलीही गोष्ट असेल तर तिच्याखाली गवत चालत नाही. पडण्याच्या दृष्टीने गवत आणि नुसती माती सुरक्षित धरतच नाहीत. लाकडी मल्चचा, म्हणजे लाकडाच्या बारीक तुकड्यांचा, दबून नऊ इंच थर राहिला तर सात फुटांपर्यंतच्या उंचीला पुरतो, म्हणून टाकताना बारा इंच टाका, आणि चारी बाजूंना सहा फूट मोकळे ठेवा. सोळा बाय बारा फुटांच्या चौकोनात बारा इंच म्हणजे सात क्युबिक यार्ड झाले. दुकानातली दोन घनफुटांची पोती घ्यायची तर शंभराच्या आसपास लागतील. त्यापेक्षा झाडवाल्यांचा ट्रकच सांगा. रंगवलेल्या जुन्या लाकडाचा भुगा घेऊ नका. रेल्वेचे जुने स्लीपरही नकोत, त्यांत क्रिओसोट नावाचं विषारी डांबरी तेल मुरलेलं असतं.

खणण्याआधी ८११ ला फोन करा. फुकट आहे. न्यू जर्सीत खणायच्या निदान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं लागतं, शनिवार-रविवार धरायचे नाहीत. मग माणसं येऊन गॅस, वीज, केबल कुठून गेलेत ते रंगाने आखून देतात.

---

प्रेषक: डॉक्टर सभासद, प्रिन्स्टन

काकांच्या सगळ्या सूचना मला पटल्या. झाडीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे.

आपल्या भागात लाइमचा आजार पसरवणारी गोचीड खूप आहे आणि तिची बारीक पिल्लं मे ते जुलैत सर्वात जास्त चावतात, म्हणजे नेमकी मुलं बाहेर असतात तेव्हा. झाडी आणि गवत यांच्या मध्ये तीन फूट रुंदीचा कोरड्या लाकडी चिप्सचा किंवा खडीचा पट्टा घाला. टेकडी, ओंडके सगळं त्या कडेपासून दूर, उन्हात. पालापाचोळ्याचे ढीग ठेवू नका. खेळून आल्यावर दोन तासांत आंघोळ घाला. काखेत, कानामागे, गुडघ्यामागे, केसांत बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, पेटती काडी काही लावायचं नाही. चोवीस तासांच्या आत निघाली तर लाइमचा धोका खूप कमी असतो.

तीन पानांची पॉयझन आयव्ही (अंगाला लागली की खाज आणि पुरळ येतं ती वेल) उन्हाळ्याआधीच मुलांना दाखवून ठेवा. आणि घराच्या भिंतीलगत यू नावाचं काळपट हिरव्या सुयांचं कुंपण असेल तर ते काढा किंवा मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. त्याची पानं आणि बिया विषारी आहेत. ट्रॅम्पोलिनचा विचार असेल तर सोडून द्या. इथले बालरोगतज्ज्ञ घरगुती ट्रॅम्पोलिनच्या विरोधातच सल्ला देतात.

---

प्रेषक: सभासद, प्लेन्सबरो

मधली जागा रिकामी ठेवा! टेकडी, ओंडके कडेकडेने, मध्ये पन्नास-एक फूट मोकळं गवत. लंगडी, लगोरी, पकडापकडीला दुसरं काही लागत नाही. लगोरीला सात चपट्या दगडांची उतरंड आणि एक मऊ चेंडू.

आमच्याकडे आट्यापाट्या गवत कापूनच आखतो. मशीन खालच्या पातळीवर लावून आडवे पट्टे कापायचे, बाकी गवत उंच ठेवायचं. खऱ्या मैदानात नऊ पाट्या असतात, अंगणात तीन-चार पुरतात. चार-पाच मुलं जमली की दमेपर्यंत खेळतात, आणि आम्ही मोठीही उतरतो.

कोपऱ्यात सात-आठ बांबूंची खोप उभारा आणि मेच्या मध्यानंतर, माती उबदार झाली की भोवती घेवडा किंवा वाल पेरा. जुलैपर्यंत हिरवी खोली तयार होते. पकडापकडीत ती 'घर' होते, त्यामुळे मुलं सारखी तिच्याकडे धावत असतात. कच्चे दाणे तोंडात घालायचे नाहीत एवढं सांगून ठेवा. पेरायचं काम सासूबाईंकडे द्या, नातवंडं शिकतील.

---

प्रेषक: नवीन सभासद, ब्रिजवॉटर

काका, डॉक्टर, ताई, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री कागदावर अंगण काढून बसलो आणि सेटचा विचार रद्द केला. एकच राहिलं: झोका. मुलीने हट्ट धरलाय. मागे दोन मोठी झाडं आहेत, त्यांना बांधला तर?

---

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, एडिसन

झाडं कोणती ते आधी बघा. अॅश असेल तर नको. अॅश पोखरणारा हिरवा भुंगा २०१४ पासून आपल्या राज्यात आहे. पोखरलेल्या झाडाच्या फांद्या ठिसूळ होऊन अचानक तुटतात. वसंतात पांढऱ्या फुलांनी भरणारं शोभेचं पेअर असेल तर तेही नको, वाऱ्यात मधूनच फाटतं. ओक किंवा शुगर मेपल असेल आणि फांदी जिवंत, आडवी, निदान आठ इंच जाड असेल तर बांधा. दोर फांदीला नुसता गुंडाळला तर साल कापली जाते, रुंद पट्टा वापरा.

झोक्याला जागा फार लागते. टांगायची जागा आठ फूट उंच असेल तर पुढे सोळा आणि मागे सोळा फूट काहीच नको, ओंडकेसुद्धा. म्हणून झोका आधी ठरवा, त्याभोवती बाकीचं आखा. सासरे आले की कळवा. माझ्याकडे फावडी, टिकाव आणि हातगाडी आहे, घेऊन येतो.