ठेकेदाराने तीन महिन्यांचा पगार थकवला. दावा कसा करायचा?

प्रश्न: चाकण एमआयडीसीत ठेकेदारामार्फत पॅकिंगचं काम. हजेरी रोज ६२० रुपये. तीन महिने भरले २६, २५ आणि २४ दिवस. ओव्हरटाइम १८ तास, उचल २,००० रुपये. नेमणूकपत्र नाही, गेटपास आहे. आधीचा पगार बँकेत यायचा. ठेकेदार म्हणतो, कोऱ्या व्हाउचरवर सही करा, मग बघू. कंपनी हात वर करते.

उत्तर १: सही अजिबात करू नका. त्याच कागदावर नंतर ‘सर्व हिशेब मिळाला’ असं लिहिलं गेलं, तर ते खोडून काढणं फार जड जातं.

आधी मालक नक्की कोण ते पक्कं करा. फलकावरचं नाव आणि नोंदणीचं नाव बऱ्याचदा वेगळं निघतं. पीएफ पासबुकात आस्थापनेचं नाव असतं, बँक पासबुकात पगार कुणाकडून आला ते दिसतं. चुकीच्या नावाने अर्ज गेला की नोटीस परत येते आणि महिने वाया जातात.

हिशेब असा मांडा: ७५ दिवस × ६२० = ४६,५००. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे (६२० ÷ ८ तास) × २ = तासाला १५५, १८ तासांचे एकूण २,७९०. उचल वजा जाता ४७,२९० रुपये. उचल लपवू नका. ती सुनावणीत निघाली की बाकीच्या आकड्यांवरही शंका येते.

उत्तर २: २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. तिच्या कलम ४५ खाली अर्ज करायचा, मुदत ३ वर्षं. जुन्या कायद्यात १२ महिने होती, म्हणून ‘मुदत संपली’ असं कुणी म्हटलं तर तेवढ्यावर परत फिरू नका. पगार दिला हे मालकाने सिद्ध करायचं असतं. तुम्ही तिथे कामाला होता हे मात्र तुम्हालाच दाखवावं लागेल. गेटपास जपा, ठेकेदाराचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. ठेकेदाराने दिलं नाही तर देणं मुख्य मालकावर येतं, म्हणून कंपनीलाही सामनेवाला करा. थकलेल्या रकमेवर भरपाई तिच्या दहापटीपर्यंत मागता येते, पण किती द्यायची ते अधिकारी ठरवतात.

उत्तर ३: आधी ठेकेदार आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टने मागणीपत्र पाठवा, पावती ठेवा. मग कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्याच. पीएफ कापून भरला नसेल तर ती तक्रार वेगळी, पीएफ कार्यालयाकडे (ईपीएफओ). तडजोड झाली तरी पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय अर्ज मागे घेऊ नका; पुढच्या तारखेचा चेक म्हणजे पैसे नव्हेत.